स्पायन कॉप : माथा मिळाला, कड राहिली

दक्षिण आफ्रिकेतल्या स्पायन कॉप या डोंगरावर ब्रिटिश आणि बोअर (तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे लोक) यांच्यात झालेल्या लढाईवर बोलणं निघालं की चर्चा लगेच ब्रिटिश सेनापतींवर जाते. बुलर चुकला की वॉरन, थॉर्नीक्रॉफ्टने रात्री डोंगर सोडायला हवा होता का, वगैरे. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, पण त्याआधीचा प्रश्न जमिनीचा आहे. २४ जानेवारी १९०० च्या पहाटे ब्रिटिशांनी डोंगराचा माथा घेतला आणि कड घेतली नाही. मधलं अंतर जेमतेम दीडशे-दोनशे मीटरचं. त्या दिवशी पुढे जे घडलं, त्यातलं निम्म्याहून अधिक या अंतरातून निघालं.

डोंगर चढणाऱ्या कुणालाही ही गोष्ट लगेच कळेल. सपाट माथ्याच्या मधोमध उभं राहिलं तर लांबची क्षितिजं दिसतात, पायथा दिसत नाही. खालून कोण चढतंय हे बघायचं तर कडेपर्यंत यावं लागतं. कधीकधी कडेच्याही थोडं खाली, जिथून अख्खा उतार नजरेत येतो तिथवर उतरावं लागतं. माथ्यावर मध्ये बसलेल्या माणसाला शत्रू पहिल्यांदा दिसतो तो कडेवर डोकं काढतो तेव्हा, आणि तोवर तो बंदुकीच्या टप्प्यात येऊन आडोसाही धरून बसलेला असतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. दुसरं बोअर युद्ध ऑक्टोबर १८९९ मध्ये पेटलं. २ नोव्हेंबरपासून नाताळ या ब्रिटिश वसाहतीतल्या लेडीस्मिथ गावाला बोअरांचा वेढा होता आणि आत सर जॉर्ज व्हाइटचं सैन्य अडकलं होतं. सोडवायला निघालेल्या सर रेडव्हर्स बुलरने १५ डिसेंबरला कोलेन्झोपाशी तुगेला नदी ओलांडायचा प्रयत्न केला, मार खाल्ला आणि दहा तोफा गमावल्या. दुसरा प्रयत्न त्याने नदीच्या वरच्या अंगाला केला. मुख्य फौज सर चार्ल्स वॉरनकडे दिली. वॉरन १७ जानेवारीला ट्रायकार्ट्स ड्रिफ्ट या उथळ जागेवरून नदीपार झाला, मग बैलगाड्या आणि सामान पार करण्यात मोलाचा वेळ गेला. तेवढ्यात लुई बोथाच्या बोअरांनी समोरच्या टेकड्यांवर मोर्चे बांधले. लेडीस्मिथकडे जाणारी फेअरव्ह्यूची वाट ताबान्यामा आणि स्पायन कॉप यांच्यामधून जाते. ताबान्यामावर दोन दिवस डोकं आपटून झाल्यावर उरला स्पायन कॉप, नदीपासून सुमारे सव्वाचारशे मीटर उठलेला. नावाचा अर्थ टेहळणीची टेकडी. जुने बोअर स्थलांतरित इथूनच खालचा नाताळ न्याहाळायचे, असं सांगतात.

डोंगर घ्यायचा कसा याची योजना होती. घेतल्यावर वर करायचं काय याची नव्हती. वर तोफा चढतील का, पाणी कुठून येईल, पुढची चाल कोणत्या टेकडीवर, या कशाचंच उत्तर ठरलेलं नव्हतं. माथ्याचा भरवशाचा नकाशाही कुणाकडे नव्हता.

२३ तारखेच्या रात्री मेजर जनरल वुडगेटच्या हाताखाली सुमारे १७०० माणसं निघाली. लँकशायर फ्युझिलियर्स, रॉयल लँकेस्टर, साउथ लँकशायरच्या दोन कंपन्या, थॉर्नीक्रॉफ्टची घोडेस्वार पायदळ तुकडी (घोडे अर्थात खाली) आणि रॉयल इंजिनिअर्सची अर्धी कंपनी. नैर्ऋत्येकडच्या सोंडेवरून चढाई. पुढे स्वतः लेफ्टनंट कर्नल अलेक्झांडर थॉर्नीक्रॉफ्ट, अंगाने धिप्पाड माणूस, अंधारात वाट शोधत. बोलायचं नाही, विडी-सिगारेट नाही, गोळी झाडायची नाही, फक्त संगीन. वाटेत एक पांढरं कुत्रं लोकांच्या पायात घुटमळायला लागलं. ते भुंकलं तर सगळाच बेत फसणार. मारावं तर तेही आवाज करणार. शेवटी बंदुकीची नळी साफ करायच्या दोरीचा पट्टा करून एका पोऱ्याबरोबर त्याला खाली धाडलं.

पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास वरच्या बोअर चौकीतून हाळी आली. चौकीत पंधरा-वीसच माणसं होती. ठरल्याप्रमाणे ब्रिटिश आडवे झाले, चौकीने हाती असलेल्या गोळ्या झाडून घेतल्या आणि मग संगिनी घेऊन हे धावले. चौकी पळाली. तीनदा जयघोष करून खाली कळवलं की डोंगर मिळाला. इथवर काम चोख झालं होतं. चढाईत दोष काढण्यासारखं फारसं काही नाही.

खरी चूक पुढच्या चार तासांत झाली. वर दाट धुकं. इंजिनिअरांनी अंदाजाने पांढऱ्या फितीने खंदकाची आखणी केली आणि खोदायला सुरुवात झाली. हत्यारं किती, तर वीस कुदळी आणि वीस फावडी. १७०० माणसांना चाळीस हत्यारं. खालून वर न्यायच्या वाळूच्या गोण्या पायथ्याशीच राहिल्या. आणि जमीन कशी, तर वीतभर-दीड वीत माती, खाली सलग खडक. कुदळ खणखणली की थांबायचं. सर्वांत खोल जागीही खंदक गुडघ्याच्या आतच राहिला. पुढे दगड रचून बांध घातला, पण त्यामागे माणूस पोटावर पडला तरच झाकला जाई. बसला की डोकं वर.

जागाही चुकली होती. धुक्यात जो भाग सर्वांत उंच वाटला, तिथे खंदक आखला. तो माथ्याचा मध्य निघाला. साताच्या पुढे धुकं मध्येच विरळ झालं तेव्हा लक्षात आलं की जमीन पुढे दीडशे-दोनशे मीटर हलकी उतरत जाते आणि मग एकदम तुटते. खरी कड तिथे होती. माणसं पुढे पाठवली, तिथेही खणायचा प्रयत्न झाला. पण उशीर झाला होता. बोथाने पहाटेच निर्णय घेतला होता की डोंगर परत घ्यायचा. कॅरोलिना कमांडोचे (कमांडो म्हणजे बोअरांची गावोगावची लढाऊ तुकडी) जेमतेम नव्वद लोक हेंड्रिक प्रिन्सलूच्या मागे उत्तरेच्या उतारावरून चढत होते. तो उतार खंदकातून दिसतच नव्हता. धुकं उठलं तेव्हा ते कडेवर, दगडाआड, नेम धरून. प्रिटोरियाचे लोकही आले. त्यांच्यात सतरा वर्षांचा डेनिस राइट्स होता. बोअरांनाही ही चढाई स्वस्त पडली नाही. कॅरोलिनाच्या तुकडीतले निम्म्याहून अधिक मेले किंवा जखमी झाले.

आता आजूबाजूची जमीन पाहा, कारण इथे दुसरी चूक आहे. स्पायन कॉप एकटा डोंगर नाही. खंदकातून उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर समोर थोडी खाली कॉनिकल टेकडी, डावीकडे ग्रीन हिल, आणि उजवीकडे, त्याच धारेवर सुमारे ३५०-४०० मीटरवर, कोरफडीच्या झाडांची एक लहान उंचवटी, अ‍ॅलो नॉल. धार तशीच पूर्वेला गेली की ट्विन पीक्स. या सगळ्या जागा बोअरांकडे. समोरून येणाऱ्या गोळीला बांध अडवतो. अ‍ॅलो नॉलवरून येणारी गोळी मात्र खंदकाच्या लांबीतून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची. उजव्या टोकाला लँकशायर फ्युझिलियर्स होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना उजव्या बाजूने गोळी लागली आणि ते जिथे लवंडले होते तिथेच, समोर बघता बघता मेले. या उंचवट्यावर पहाटे पन्नास माणसं बसवली असती तर दिवस वेगळा गेला असता, असं माझं ठाम मत आहे. धुक्यात ती दिसलीच नाही, हे खरं. पण माथा घेतल्यावर धारेने दोन्ही बाजूंना चाचपत जाणारी गस्त का पाठवली नाही, याला उत्तर नाही.

तोफांचंही तसंच. बोअरांच्या तोफा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यात दोन पॉम-पॉम, म्हणजे ३७ मिलिमीटरचे अर्धा किलोचे गोळे पट्ट्यातून लागोपाठ फेकणाऱ्या तोफा. पण त्या वेगवेगळ्या टेकड्यांमागे विखरून, दडवून ठेवल्या होत्या आणि नेम बरोबर बसतोय की नाही हे माथा दिसणाऱ्या जागेवरून हेलिओग्राफने, म्हणजे आरशाने ऊन चमकवून, कळवलं जात होतं. श्रॅपनेलचा गोळा हवेत, डोक्यावर फुटतो आणि आतल्या शिशाच्या गोळ्या खाली फवारल्या जातात. गुडघाभर खंदक त्याला काय करणार? जमिनीवर फुटणारा गोळा खडकावर आपटला की दगडाच्या कपच्याही उडतात, म्हणजे रचलेला बांधच अंगावर येतो. ब्रिटिशांकडे तोफा कितीतरी जास्त, आरमाराच्या मोठ्या तोफांसह, पण खालून त्यांना बोअर तोफा दिसेनात. आरमाराच्या तोफांनी अ‍ॅलो नॉलवर मारा सुरू केला होता, तो नेमका लागूही पडत होता. वॉरनने तो थांबवायला सांगितला. त्याची समजूत अशी की सगळा माथा आपल्याच ताब्यात आहे.

बंदुकांतला फरक अनेकदा सुटतो. बोअरांच्या ७ मिलिमीटर माउझरमध्ये पाच गोळ्यांची पट्टी एका दाबात आत जायची. ब्रिटिशांच्या ली-मेटफर्ड आणि ली-एनफील्डच्या पेटीत आठ-दहा गोळ्या मावत, पण भरायच्या एकेक. पेटी रिकामी झाली की माणूस बराच वेळ पडून गोळ्याच भरत राही. त्यात माउझरच्या काडतुसाला धूर नाही, म्हणजे दगडाआडून कोण मारतंय हे कळायचं नाही.

सकाळी साडेआठच्या आसपास वुडगेटच्या डोक्यात तोफगोळ्याची कपची घुसली. दोन महिन्यांनी तो त्या जखमेने गेला. मग अधिकार कुणाकडे? कर्नल क्रॉफ्टनने खाली संदेश धाडला की कुमक पाठवा नाहीतर सगळं संपलं. बुलर दूर माउंट अ‍ॅलिसवरून दुर्बिणीतून बघत होता. त्याने वॉरनला सुचवलं की थॉर्नीक्रॉफ्टला नेमा. वॉरनने नेमलं, पण त्याच वेळी मेजर जनरल कोकलाही वर पाठवलं. थॉर्नीक्रॉफ्टची नेमणूक सर्वांना कळलीच नाही. दुपारी वर असलेल्या तीन-चार अधिकाऱ्यांपैकी प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटत होतं की आज्ञा आपली चालते. कोक माथ्याच्या मागच्या अंगाला होता. पुढे खंदकात काय चाललंय याचा त्याला नीट अंदाज आला नाही. वॉरन दिवसभर वर गेलाच नाही. या एका गोष्टीसाठी त्याला माफ करणं मला अवघड जातं.

दुपारी एकच्या सुमारास उजव्या टोकाच्या काही फ्युझिलियर्सनी पांढरे रुमाल हलवले. बोअर पुढे आले आणि दीड-पावणेदोनशे जणांना कैद करून नेऊ लागले. पाय मुरगळलेला थॉर्नीक्रॉफ्ट लंगडत धावत आला आणि इथला प्रमुख मी आहे, शरणागती मान्य नाही, असं बोअरांवर ओरडला. बाकीच्यांना घेऊन तो मागच्या दगडांपर्यंत हटला. तेवढ्यात कुमक आली आणि त्याने पुन्हा खंदक गाठला. पण कुमक म्हणजे त्याच चिंचोळ्या जागेत आणखी माणसं. आधीच आडवं पडायला जागा नाही, त्यात मिडलसेक्स, स्कॉटिश रायफल्स, इम्पीरियल लाइट इन्फन्ट्री. जितकी माणसं वाढली तितका तोफांचा प्रत्येक गोळा जास्त जणांना लागला.

जानेवारी म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा. पाणी खेचरांवरून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत यायचं आणि चढावर हिंदकळून, खेचर घसरून, बरंचसं वाटेतच सांडायचं. बहुतेकांची बाटली सकाळीच संपलेली. जखमी माणसाला रक्तस्रावाने तहान जास्त लागते. त्यांचे हाल लिहवत नाहीत.

संध्याकाळी एक गोष्ट मात्र जुळून आली होती. दुसऱ्या ब्रिटिश ब्रिगेडचा प्रमुख लिटलटन याने नदीकडून किंग्ज रॉयल रायफल्सची बटालियन ट्विन पीक्सवर पाठवली. उभ्या चढावर चढून त्यांनी पाचच्या सुमारास दोन्ही शिखरं घेतली. त्यांचा प्रमुख बुकॅनन-रिडेल तिथे मारला गेला. धारेच्या त्या टोकाला ब्रिटिश आल्यावर अ‍ॅलो नॉलवरचे बोअर दोन्हीकडून कात्रीत येत होते. पण ही चाल बुलरला मंजूर नव्हती. परत बोलावण्याचा हुकूम गेला आणि अंधारात त्यांनी जिंकलेली जागा सोडली. त्या बाजूचे बोअर मात्र इतके हादरले होते की त्यांचा सेनापती शाल्क बर्गर याने आपली माणसं आणि तोफा घेऊन रात्रीच काढता पाय घेतला.

अंधार पडल्यावर माथ्यावरून बातमी खाली पोचवायचं साधन उरलं नाही. हेलिओग्राफ उन्हावर चालतो, आणि वरचा एक तर दिवसाच फुटला होता. रात्रीसाठी संदेशाचा दिवा होता, त्यात तेल नव्हतं. इतक्या साध्या गोष्टीने लढाई फिरते. बातमीदार आणि लेफ्टनंट अशा दोन्ही टोप्या घातलेला विन्स्टन चर्चिल संध्याकाळी आपणहून वर जाऊन आला, वॉरनला परिस्थिती सांगितली आणि निरोप घेऊन पुन्हा चढला. वॉरन तोवर तोफा, गोण्या, इंजिनिअर वर पाठवायच्या तयारीला लागला होता. पण सोळा तास त्या दगडांत काढलेल्या थॉर्नीक्रॉफ्टने निर्णय घेतला होता. उद्या सकाळी पुन्हा तोच तोफमारा झेलण्यापेक्षा उरलेल्या बटालियन धडधाकट खाली न्याव्यात. उतरताना वर येणारी इंजिनिअरांची तुकडी भेटली, वॉरनची चिठ्ठीही मिळाली. फार उशीर झाला होता.

आणि त्याच रात्री कडेवरचे बोअरही डोंगर सोडून गेले होते. दिवसभर उपाशी, तहानलेले, आपण हरलो अशा खात्रीने. खाली गाड्या जुंपून निघायची तयारी चालू होती. बोथा घोड्यावर आला आणि खोगिरावरूनच त्यांना थांबवलं. म्हणजे मध्यरात्री काही तास माथा कुणाचाच नव्हता, फक्त मेलेल्यांचा आणि खाली नेता न आलेल्या जखमींचा. २५ तारखेला उजाडताना खालच्या बोअरांना वर दोन माणसं टोप्या हलवताना दिसली. ती त्यांचीच होती. ब्रिटिशांचे २४३ जण माथ्यावर मेले, जखमी आणि कैदी धरून आकडा हजाराच्या बराच वर जातो. बोअरांचे ६८ मेले. लेडीस्मिथ सुटलं ते महिन्याभराने, २८ फेब्रुवारीला.

जखमी खाली आणायच्या कामात हिंदी माणसं होती. मोहनदास गांधी तेव्हा तीस वर्षांचे, नाताळमधले बॅरिस्टर. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हिंदी रुग्णवाहक दलात सुमारे ११०० जण होते. त्यांतले तीनशेच्या आसपास स्वतंत्र, बाकीचे मळ्यांवर आणि खाणींत राबणारे गिरमिटिया म्हणजे करारबद्ध मजूर, मद्रास आणि कलकत्ता बंदरांतून गेलेले. सोबत डॉक्टर बूथ. गोळीबाराच्या टप्प्याबाहेरच काम करायचं, अशी त्यांची अट ठरलेली होती. स्पायन कॉपच्या पराभवानंतर बुलरने विचारणा केली की बंधन नाही, पण टप्प्याच्या आत येऊन जखमी उचलाल का. दल गेलं. डोलीचं काम ताकदीपेक्षा लयीचं आहे. चौघांची पावलं एकत्र पडली तर डोली हेलकावते, म्हणून पुढच्या-मागच्यांनी पाऊल आलटून-पालटून टाकायचं. उतारावर जखमीचे पाय पुढे, डोकं वरच्या अंगाला. दगड सरकला की एकाच्या खांद्यावर सगळा भार येतो आणि मोडलेल्या हाडाच्या माणसाला तो एक झटका सहन होत नाही. अशा डोल्या घेऊन या दलाने दिवसाला वीस-पंचवीस मैल, म्हणजे ३२ ते ४० किलोमीटर चाल केली. वाहून नेलेल्यांत जनरल वुडगेटही होता. सहा आठवड्यांनी दल विसर्जित झालं. या सेवेचं पदक गांधींनी १ ऑगस्ट १९२० रोजी व्हाइसरॉयला लिहून परत केलं. त्याच दिवशी मुंबईत टिळक गेले.

आज हा डोंगर क्वाझुलू-नाताळमध्ये, विंटरटन आणि लेडीस्मिथच्या दरम्यान आहे. पायथ्याशी आता धरणाचा जलाशय आहे, वाहन जवळजवळ माथ्यापर्यंत जातं. जाणाऱ्यांनी स्मारकांपासून सुरुवात करू नये. आधी खंदकाकडे जावं. तो ओळखायला सोपा आहे. मेलेल्यांना तिथेच, ते पडले होते त्या खंदकात पुरलं, आणि पांढऱ्या दगडांनी आखलेली ती लांब, किंचित वाकलेली कबर म्हणजेच तो खंदक. त्याच्यामागे पोटावर आडवं व्हावं आणि उत्तरेला बघावं. गवत, दगड आणि आकाश, एवढंच दिसतं. मग उठून कडेपर्यंत चालत जावं, पावलं मोजत. कडेवर उभं राहिलं की कॅरोलिनाचे लोक ज्या उतारावरून चढले तो पूर्ण उतार एकदम उघडा पडतो. तिथून उजवीकडे मान वळवली की अ‍ॅलो नॉल इतकी जवळ दिसते की तिथला माणूस नुसत्या डोळ्यांनी मोजता येईल.